संघसोबती ते प्रशिक्षक: डेन्मार्कच्या एका आइस हॉकी क्लबमधला एक हंगाम

क्लबचं नाव, हंगाम आणि ज्यांवरून कुणाची ओळख पटेल असे तपशील इथे गाळले किंवा बदलले आहेत. आकडे ठोकळ ठेवले आहेत. ज्याच्याभोवती हे सगळं घडलं त्याला ‘प्रशिक्षक’ म्हणू, मात्र पहिल्या परिच्छेदांत तो अजून खेळाडूच आहे.

पार्श्वभूमी

युटलंडमधलं मध्यम आकाराचं गाव, नगरपालिकेच्या मालकीची बर्फाची रिंक, आणि तिथली वेळ फिगर स्केटिंग, लहान मुलं आणि वरचा संघ यांच्यात वाटून घेतलेली. डेन्मार्कमध्ये बहुतेक क्लब असेच उभे आहेत. क्लबचा पाया सभासदांचा आणि स्वयंसेवकांचा, वरचा व्यावसायिक संघ तेवढा कंपनीसारखा चालवलेला. हा खेळाडू तिथेच घडला. सतराव्या वर्षी तो स्वीडनच्या एका कनिष्ठ संघात गेला, मग स्वीडनच्या दुसऱ्या श्रेणीत काही हंगाम खेळला आणि तिशी ओलांडल्यावर गावाच्या क्लबात परतला.

चांगल्या डॅनिश पोराने सोळा-सतराव्या वर्षी स्वीडन गाठायचं ही वाट आता रुळलेली आहे. हाइन्झ एलर्स 1984 मध्ये न्यूयॉर्क रेंजर्सने निवडला तेव्हा एनएचएलच्या, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या, निवड यादीत आलेला तो पहिला डॅनिश खेळाडू होता, आणि त्याचीही घडण स्वीडिश लीगमध्येच झाली. पुढे तो प्रशिक्षक झाला, स्वित्झर्लंडच्या क्लबांत वर्षानुवर्षं राबला आणि 2022 मध्ये बीजिंगला डेन्मार्कच्या पहिल्याच ऑलिंपिक आइस हॉकी संघाला त्याने उपांत्यपूर्व फेरीपर्यंत नेलं. 1949 साली स्टॉकहोममध्ये कॅनडाकडून 47-0 ने हरलेला हा देश 2003 मध्ये अव्वल गटात परतला आणि 2025 मध्ये हर्निंगच्या घरच्या रिंकमध्ये कॅनडाला 2-1 ने हरवून जागतिक स्पर्धेत चौथा आला. या चढणीमागे नामवंत खेळाडू आहेत, तशीच खेळून झाल्यावर गावाच्या रिंकमध्ये शिट्टी हातात घेणारी माणसंही आहेत. हे प्रकरण त्यांच्यातल्या एकाचं आहे.

आपला खेळाडू बचावपटू होता आणि त्याची खरी किंमत होती कमी माणसांनी खेळताना. हा खेळ न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात: बर्फावर एका बाजूचे पाच खेळाडू आणि एक गोलरक्षक असतात. किरकोळ फाउलची शिक्षा दोन मिनिटं. शिक्षा झालेला खेळाडू पेटीत बसतो, त्याचा संघ चार जणांनी खेळतो आणि समोरच्यांना पॉवरप्ले मिळतो. समोरच्यांनी गोल केला की शिक्षा तिथेच संपते. चार जणांच्या या बचावाला डेन्मार्कमध्ये ‘बॉक्सप्ले’ म्हणतात. आपला माणूस पंधरा वर्षं त्या बॉक्सचा एक कोपरा सांभाळत होता.

प्रश्न

नोव्हेंबरमध्ये राष्ट्रीय संघांच्या सामन्यांसाठी लीग थांबते. त्या सुट्टीच्या पहिल्याच दिवशी क्लबने परदेशी प्रशिक्षकाला निरोप दिला. संघ तळाशी होता. अध्यक्षाने आपल्या खेळाडूला फोन केला. वय छत्तीस, नितंबाचा सांधा दोन वर्षं कुरकुरत होता आणि ड्रेसिंग रूममध्ये त्याच्या शब्दाला वजन होतं. सुट्टीचे दहा दिवस हाताशी होते.

संघाचं दुखणं एका जागी दिसत होतं. बॉक्सप्लेमध्ये साधारण दर तिसऱ्या शिक्षेला गोल बसत होता. चांगला संघ पाच-सहा शिक्षांमागे एकच गोल खातो. समान संख्येने खेळताना संघ बरा होता, शिक्षा झाली की मात्र सामना हातचा जायचा. अध्यक्षाचा हिशेब सरळ होता: बॉक्सप्ले बुडतोय, आणि गावातला सर्वांत चांगला बॉक्सप्लेपटू आपल्याच ड्रेसिंग रूममध्ये बसलाय.

या हिशेबातली खोट पाच आठवड्यांनी उघडी पडली.

पहिला निर्णय: कोणत्या भूमिकेत?

तीन वाटा समोर होत्या. खेळत राहून हंगामी प्रशिक्षक व्हायचं, दुसऱ्या कुणाचा सहायक व्हायचं, किंवा स्केट काढून पूर्णवेळ बाकामागे उभं राहायचं.

खेळाडू-प्रशिक्षक ही वाट अध्यक्षाला सोयीची होती, कारण पगार एकच. ती घेतली नाही हे बरंच झालं. आइस हॉकीत बदली सामना चालू असताना होते. एक शिफ्ट, म्हणजे खेळाडूने एका दमात बर्फावर घालवलेला वेळ, चाळीस-पंचेचाळीस सेकंदांची. वीस खेळाडू आणि दोन गोलरक्षकांचा संघ असेल तर बाकावरचा माणूस साठ मिनिटांत शेकडो वेळा कोण आत आणि कोण बाहेर हे ठरवतो. धापा टाकत बाकावर बसलेल्याने पुढच्या दोन ओळी (एकत्र बर्फावर उतरणारे आघाडीपटू) ठरवायच्या हे निभत नाही.

सहायक होण्यात शहाणपण होतं, पण दहा दिवसांत मुख्य प्रशिक्षक मिळत नव्हता. त्याने स्केट काढले. एका कनिष्ठ प्रशिक्षकाला आघाडीच्या ओळींच्या बदल्यांचं काम दिलं, बचावाच्या जोड्या आणि विशेष पथकं (पॉवरप्ले आणि बॉक्सप्लेचे गट) स्वतःकडे ठेवली. व्हिडिओ आणि स्टॉपवॉचसाठी स्वयंसेवकांतला एक जण मिळाला. हा स्वयंसेवक पुढे फार कामी आला.

दुसरा निर्णय: बॉक्सप्ले कसा खेळायचा?

आजचे बहुतेक संघ पॉवरप्लेमध्ये एक-तीन-एक अशी मांडणी करतात: एक जण निळ्या रेषेजवळ (हल्ल्याच्या भागाची हद्द) वर, दोघं रिंकच्या दोन बाजूंच्या फळ्यांलगत, एक मधोमध आणि एक गोलरक्षकासमोर. तिला उत्तर द्यायचे तीन साचे आहेत. चौकोनात चार कोपरे भरतात, पण मधला खेळाडू मोकळा राहतो. पतंगाच्या आकाराच्या मांडणीत निळ्या रेषेवरचा फटका अडतो, पण दोन्ही बाजूंना मागून येणारा पास निसटतो. तिसऱ्या साच्यात तिघांचा त्रिकोण गोलसमोर बसतो आणि एक आघाडीपटू पकमागे (खेळाच्या रबरी चकतीमागे) जातो. पक दुसऱ्या बाजूला गेला की पाठलाग करणारा त्रिकोणात परततो आणि दुसरा आघाडीपटू बाहेर पडतो.

प्रशिक्षकाने यातलं काहीच निवडलं नाही. स्वतः जसा खेळायचा तसंच त्याने शिकवलं. चौकोनातून सुरुवात करायची आणि संधी दिसली की बचावपटूने गोलसमोरची जागा सोडून फळीपर्यंत झेप घ्यायची. सूचना एकच होती: ‘वाचा आणि जा.’

तो स्वतः गेला की बहुधा पक मिळायचा. त्याची मुलं गेली की अर्धा सेकंद उशीर व्हायचा. तेवढ्यात पक त्यांच्या मागून चौकोनाच्या पोटातून पलीकडच्या बाजूला पोचायचा आणि तिथला खेळाडू न थांबवता थेट फटका मारायचा. गोलची रुंदी 1.83 मीटर. गोलरक्षक एका खांबाला लागून उभा असतो आणि पाय स्थिर व्हायच्या आत त्याला दुसऱ्या खांबापर्यंत सरकावं लागतं. अशा पासवरचा फटका अडवणं कोणत्याही गोलरक्षकाला अवघड जातं. डिसेंबरच्या मध्यापर्यंत खाल्लेल्या गोलांपैकी निम्म्याहून जास्त याच वाटेने आले होते.

कारण शोधताना प्रशिक्षकाने दोन आठवडे चुकीच्या जागी खणलं. आधी मेहनत कमी पडते असं धरलं आणि सरावात धावणं वाढवलं. मग परदेशी खेळाडूंना सूचना कळत नाहीत म्हणून ड्रेसिंग रूमची भाषा पूर्णपणे इंग्रजी केली. त्याचा थोडा फायदा झाला, पण मूळ जागचं दुखणं हललं नाही.

उत्तर व्हिडिओत होतं. स्वयंसेवकाने प्रशिक्षकाच्याच मागच्या हंगामातल्या बॉक्सप्लेच्या वीस-पंचवीस चित्रफिती शेजारी ठेवल्या. प्रशिक्षक म्हणत होता, मी पक पाहून जायचो. पडद्यावर दिसलं ते वेगळंच. तो निघायचा तेव्हा पक अजून पकवाल्याकडे पोचलेलाही नसायचा. पास सुटला आणि घेणाऱ्याला तो हात लांब करून किंवा पायांतून ओढून घ्यावा लागणार असं दिसलं, की त्याच क्षणी हा सुटलेला असायचा. पंधरा वर्षं रोज केलेली ही गोष्ट त्याने कधी शब्दांत मांडली नव्हती, आणि जे स्वतःलाही ठाऊक नव्हतं ते तो बाविशीच्या मुलाला ‘वाच’ या एका शब्दात सांगत होता. या प्रकरणातला सर्वांत मोलाचा क्षण हाच. उत्तम खेळाडू प्रशिक्षक म्हणून अडखळतो तो पुष्कळदा इथेच.

तिसरा निर्णय: ज्ञानाचे तुकडे करणे

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापासून साचा ठरला: त्रिकोण आणि एक पाठलागी. झेप फक्त तीन खुणांवर घ्यायची.

पहिली, पकवाल्याची पाठ आपल्याकडे असेल. दुसरी, पक फळीलगत उड्या मारतोय किंवा स्टिकवर बसलेला नाही. तिसरी, पास मंद आहे किंवा घेणाऱ्याच्या मागे पडलाय. बाकावरून ओरडायचे शब्दही तीनच: ‘बॅक’, ‘बॉबल’, ‘स्लो’. यांतली एकही खूण नसेल तर जागा सोडायची नाही, स्टिकचं पातं बर्फावर टेकवून पासाच्या वाटेत ठेवायचं. बचावपटूंनी गोलसमोरून फळीपर्यंत जाणं पूर्णपणे बंद केलं. प्रशिक्षकाची स्वतःची सर्वांत गाजलेली चाल त्याच्याच संघातून काढून टाकली गेली. पहिले दोन दिवस हे त्याला जड गेलं.

सराव असा होता. साठ मिनिटांच्या बर्फातली बारा मिनिटं बॉक्सप्लेला, आठवड्यातून तीनदा. बचावाचे चौघे स्टिक उलटी धरायचे, पातं हातात आणि दांडा खाली. हात मारून चूक झाकता येत नाही, त्यामुळे पाय योग्य जागी न्यावेच लागतात. चाळीस सेकंदांची एक फेरी, मग पुढचे चौघे. चार-पाच फेऱ्यांनंतर स्टिक सरळ करायची आणि सुरुवात फेसऑफपासून (दोघांमध्ये पक टाकून खेळ सुरू करण्यापासून) करायची. शिक्षेनंतरचा पहिला फेसऑफ शिक्षा झालेल्या संघाच्याच भागात होतो. तो जिंकून पक थेट दूर मारला तर दोन मिनिटांतले पंधरा-वीस सेकंद तिथेच खर्ची पडतात. शिवाय चार जणांनी खेळताना पक पूर्ण रिंकभर लांब मारला तरी आइसिंग धरत नाहीत, म्हणजे एरवीसारखा खेळ थांबवून फेसऑफ आपल्या भागात आणत नाहीत. म्हणून सेंटरच्या (फेसऑफ घेणाऱ्या मधल्या आघाडीपटूच्या) निवडीत फेसऑफची टक्केवारी वेगापेक्षा वरची ठरली.

व्हिडिओची बैठक बारा मिनिटांची आणि चित्रफिती जास्तीत जास्त सहा. त्यांत निदान दोन चित्रफिती खेळाडूने योग्य कारणाने झेप *न* घेतल्याच्या. हा बारकावा कनिष्ठ प्रशिक्षकाने सुचवला. तोवर बैठकीत फक्त गोल खाल्लेले क्षण दाखवले जायचे आणि मुलं मान खाली घालून बसायची.

चौथा निर्णय: जुना जोडीदार

प्रशिक्षकाचा बचावातला जुना जोडीदार अजून खेळत होता, पस्तीस वर्षांचा आणि पहिल्या बॉक्सप्ले जोडीत. स्टॉपवॉचने पाच सामने मोजल्यावर त्याची बॉक्सप्लेतली सरासरी शिफ्ट पंचावन्न सेकंदांच्या वर निघाली. बाकीच्यांची पस्तीस-चाळीस होती. पक बाहेर मारल्यावर बदलीसाठी बाकाचं दार गाठण्याऐवजी तो आणखी एक फेरी घ्यायचा. गोल बसायचे ते त्या शेवटच्या पंधरा सेकंदांत, जेव्हा पाय वळत नसतात.

आकडे डिसेंबरच्या अखेरीलाच हाती आले होते. निर्णय जानेवारीच्या शेवटी झाला. या चार आठवड्यांचं खेळाशी संबंधित कारण सापडत नाही, मैत्री हेच कारण होतं. हे स्वाभाविक आहे, पण त्याची किंमत संघाने मोजली.

आणि मग निर्णय कळवण्यात चूक झाली. सामन्याच्या सकाळी ओळींचा कागद ड्रेसिंग रूमच्या दाराशी टाचला गेला. बॉक्सप्लेच्या रकान्यात जोडीदाराचं नाव नव्हतं. प्रशिक्षक त्याच्याशी दुपारी बोलणार होता. जोडीदार सकाळी साडेआठलाच आला, टेप गुंडाळत कागदापाशी थांबला, टेपचं रीळ खिशात घातलं आणि काही न बोलता स्केट धार लावायच्या खोलीत निघून गेला. त्यानंतर ड्रेसिंग रूममधल्या तिघा जुन्या खेळाडूंनी प्रशिक्षकाशी आठवडाभर कामापुरतंच बोलणं ठेवलं. जोडीदार नंतर एवढंच म्हणाला, “तू आधी मला सांगायला हवं होतंस. बाकी तुझं बरोबर होतं.”

पुढे त्याला समान संख्येच्या खेळात तिसऱ्या जोडीत ठेवलं. उरलेल्या ताकदीत तो तिथे नीट खेळला.

निष्पत्ती

हंगामाच्या उरलेल्या भागात बॉक्सप्लेमध्ये साधारण सहा शिक्षांमागे एक गोल बसला. मधून जाणारे पास जवळजवळ बंद झाले. त्यांच्या जागी निळ्या रेषेवरून लांबचे फटके वाढले. त्रिकोणी साच्यात ते मोजूनमापून सोडलेले असतात, कारण गोलरक्षकाला फटका दिसत असेल तर तो ते अडवतो. मात्र दिसत असेल ही अट खरी. गोलसमोर उभ्या प्रतिस्पर्ध्याला हलवण्यात संघ शेवटपर्यंत कमी पडला आणि खाल्लेल्या गोलांपैकी बरेच तिथूनच आले.

संघ प्लेऑफच्या शेवटच्या जागांपैकी एकीवर पोचला आणि उपांत्यपूर्व फेरीची सात सामन्यांची मालिका सहाव्या सामन्यात हरला. त्या सहाव्या सामन्यात एक गोलाने मागे असताना प्रशिक्षकाने गोलरक्षकाला बाहेर काढून सहावा खेळाडू उतरवला तो शेवटच्या सव्वा मिनिटात. दोन-अडीच मिनिटं उरली असतानाच काढणं आता सर्रास चालतं, कारण एक गोलाने हरलं काय आणि दोनने हरलं काय, मालिकेत फरक पडत नाही. हा निर्णय खेळाडूच्या सवयीने झाला. बचावपटूला रिकामं गोल उघडं टाकवत नाही.

हंगामानंतर क्लबने त्याला कायम करायची तयारी दाखवली. त्याने मुख्य पद नाकारलं आणि वीस वर्षांखालच्या संघाचं काम घेतलं, वरच्या संघाचा बॉक्सप्ले तेवढा हातात ठेवून. कारण त्याने स्पष्ट सांगितलं: तीन खुणा मला सापडल्या त्या बॉक्सप्लेच्या, बाकी खेळाच्या अजून सापडायच्या आहेत. हा निर्णय आम्हाला या प्रकरणातला सर्वांत प्रौढ वाटतो.

काय वेगळं करता आलं असतं

पहिली गोष्ट नोव्हेंबरच्या दहा दिवसांची. त्यातले सात दिवस दोन्ही वेळच्या सरावात गेले. पहिले दोन दिवस बर्फावर न जाता मागच्या नऊ-दहा सामन्यांतला प्रत्येक खाल्लेला गोल तीन खान्यांत टाकला असता (मधून पास, गोलसमोर परतलेला पक, लांबचा फटका), तर दुखण्याची जागा पाच आठवडे आधी दिसली असती. हे काम दोन माणसांचं आणि एका दुपारचं आहे.

दुसरी गोष्ट कागदाची. जागा जाणाऱ्या खेळाडूला आदल्या संध्याकाळी, समोरासमोर आणि स्टॉपवॉचचे आकडे घेऊन सांगायचं. कागद नंतर टाचायचा. प्रशिक्षक जुना संघसोबती असेल तर हा क्रम मोडण्याची चूक दुप्पट महागात पडते, कारण खोलीतले सगळे निर्णयाआधी नातं पाहतात.

तिसरी गोष्ट अध्यक्षाची. हंगामी जबाबदारी देताना बाकावर अनुभवी सहायक देणं क्लबचं काम होतं. ते पैशाअभावी झालं नाही. निदान गोलरक्षकाला कधी काढायचं, तीस सेकंदांचा एकमेव टाइमआउट कधी घ्यायचा, असे निर्णय सामन्याआधी कागदावर लिहून ठेवता आले असते. दमलेल्या डोक्याने ते बाकावर घ्यावे लागले नसते.

एक प्रश्न मात्र हंगाम संपेपर्यंत सुटला नाही. दुसऱ्या सत्रात संघ बाजू बदलतात, त्यामुळे आपलं बाक आपल्या गोलपासून लांब पडतं आणि बदलीसाठी जास्त अंतर कापावं लागतं. खाल्लेल्या बॉक्सप्ले गोलांत दुसऱ्या सत्राचा वाटा शेवटपर्यंत मोठा राहिला. दोन उपाय करून पाहिले. आधी नियम केला की पक नुसता बाहेर मारायचा नाही, समोरच्या गोलरेषेपर्यंत पोचवायचा, आणि दोन आघाडीपटूंनी आधी बदलायचं. बचावपटू मात्र तसेच अडकून राहिले. मग पकपासून लांबच्या बचावपटूने आधी निघायचं असं ठरलं, तर मधल्या वेळात त्रिकोणाचं एक टोक उघडं पडायचं. वीस वर्षांखालच्या संघात प्रशिक्षक आता दुसऱ्या सत्रासाठी बॉक्सप्लेची वेगळी, लहान शिफ्ट सरावात घेतोय: चाळीस सेकंदांऐवजी पंचवीस, आणि दुसरा बचावपटू बर्फावर पाय टाकेपर्यंत पहिल्याने त्रिकोण सोडायचा नाही.